‘बरा झाला’ की ‘कोर्स पूर्ण झाला’? टीबीचं औषध लागू पडतंय हे लॅबला कसं कळतं

समजा, गोंदिया शहराजवळच्या मुर्रीत राहणारा, राईस मिलमध्ये पोती उचलणारा पस्तिशीचा एक माणूस आहे. दोन महिने तो रोज टीबीच्या गोळ्या घेतोय. खोकला थांबलाय, संध्याकाळचा ताप गेलाय, जेवण जातंय. दुसरा महिना संपताना त्याचा बेडका तपासला आणि रिपोर्ट आला: निगेटिव्ह. घरात आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला, मग आता अजून चार महिने गोळ्या कशाला?

त्याच गल्लीतल्या एका काकूंचा सहा महिन्यांचा कोर्स नुकताच संपलाय. तब्येत उत्तम आहे. पण मुलाने खात्री करून घ्यावी म्हणून बाहेरच्या लॅबमध्ये पैसे भरून मशीनवरची टेस्ट केली. रिपोर्टवर लिहिलंय, टीबीचे जंतू ‘आढळले’. आता घरात सगळे घाबरलेत.

ही दोन्ही माणसं काल्पनिक आहेत, पण असे रिपोर्ट हातात घेऊन गोंधळलेली घरं खरी आहेत. पहिल्या घरात निगेटिव्हचा अर्थ वाजवीपेक्षा मोठा घेतला जातोय, दुसऱ्या घरात पॉझिटिव्हचा. टीबी शोधणं आणि टीबीचा उपचार लागू पडतोय का हे मोजणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात जी टेस्ट सर्वात हुशार, ती दुसऱ्या कामात जवळपास निरुपयोगी ठरते.

हा प्रश्न आता गावापर्यंत का आलाय?

कारण टीबीच्या उपचारांचं ‘यश’ आता ग्रामपंचायतीच्या खात्यावर मोजलं जातंय. २४ मार्च २०२३ ला वाराणसीत ‘टीबीमुक्त पंचायत’ उपक्रम जाहीर झाला. त्यात पंचायतीला काही निकष पूर्ण करावे लागतात. वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी, हजारामागे जास्तीत जास्त एक रुग्ण आणि उपचारांच्या यशाचं प्रमाण किमान ८५ टक्के, हे त्यातले मुख्य. पहिल्या वर्षी महात्मा गांधींचा ब्राँझ रंगाचा पुतळा मिळतो, सलग दुसऱ्या वर्षी चांदीच्या रंगाचा आणि तिसऱ्या वर्षी सोनेरी.

आता साधं गणित करून बघा. पाच हजार वस्तीच्या गावात निकषानुसार वर्षाला जास्तीत जास्त पाच रुग्ण चालतात. पाचपैकी चार यशस्वी झाले तर टक्केवारी होते ८०, म्हणजे निकष हुकला. एका माणसाने मध्येच गोळ्या सोडल्या किंवा तो कामासाठी नागपूर-रायपूरला निघून गेला आणि सापडला नाही, तर अख्ख्या गावाचा पुतळा जातो. इतक्या लहान आकड्यांवर टक्केवारी लावली की प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे शेवटी काय लिहिलं जातं, याला फार महत्त्व येतं.

देशाचं चित्र आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात २०१५ मध्ये लाखामागे २३७ नवे टीबी रुग्ण होत होते, २०२४ मध्ये हा आकडा १८७ वर आला. घट खरी आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा वेगवान आहे. पण २०२५ पर्यंत टीबी संपवण्याचं जे लक्ष्य ठेवलं होतं, त्यापासून ती बरीच दूर आहे. आता पुढची घट कुठून येणार? रुग्ण शोधण्याइतकंच, शोधलेला रुग्ण खरोखर बरा होण्यावर ते अवलंबून आहे.

काचेवर दिसणारे लाल धागे

सरकारी केंद्रात दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस आणि कोर्सच्या शेवटी जी तपासणी होते, ती मुख्यतः मायक्रोस्कोपची. बेडक्याचा पातळ थर काचेवर पसरवतात आणि त्याला रंग देतात. टीबीच्या जंतूची भिंत मेणचट असते. एकदा रंग धरला की आम्लाने धुतलं तरी तो सुटत नाही. झील-नील्सन पद्धतीत निळ्या पार्श्वभूमीवर लाल-गुलाबी काड्या दिसतात. एलईडी मायक्रोस्कोपमध्ये त्याच काड्या काळोखात पिवळसर चमकतात.

मग मोजणी. शंभर दृश्यक्षेत्रं बघून एकही जंतू नाही, तर निगेटिव्ह. शंभरात मिळून १ ते ९ दिसले तर ‘स्कँटी’, १० ते ९९ असतील तर १+. प्रत्येक क्षेत्रात एक ते दहा दिसले तर २+, दहापेक्षा जास्त असतील तर ३+. म्हणून सुरुवातीला ३+ असलेला माणूस दोन महिन्यांनी १+ वर आला, तर रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ असलं तरी गाडी योग्य दिशेने चाललेली असू शकते. हे आकडे रिपोर्टवर असतात, पण रुग्णाला बहुतेक वेळा फक्त एक शब्द सांगितला जातो.

या पद्धतीला दोन मोठ्या मर्यादा आहेत.

एक, मायक्रोस्कोपला जंतू दिसायला एक मिलीलीटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याखाली नजर पोहोचत नाही. राईस मिलमधल्या त्या भाऊंच्या निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ ‘जंतू संपले’ असा नाही. ‘जंतू या रेषेच्या खाली गेले’ एवढाच आहे. रेषेखाली हजारो जंतू उरलेले असू शकतात, आणि पुढचे चार महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्येच गोळ्या थांबवल्या तर हेच उरलेले पुन्हा वाढतात.

दोन, मेलेला जंतूही रंग धरतो. औषधाने मारलेले जंतू फुप्फुसातून काही काळ बाहेर पडत राहतात आणि काचेवर ते जिवंतांसारखेच दिसतात. म्हणून दोन महिन्यांनी पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाचं औषध फसलंय असं नसतं. पूर्वी असा रिपोर्ट आला की सुरुवातीची चार औषधं आणखी महिनाभर वाढवत. आता राष्ट्रीय कार्यक्रमात तसं करत नाहीत. उपचार पुढच्या टप्प्यात जातो आणि नमुना औषधांना दाद न देणारा टीबी आहे का हे बघायला पुढे पाठवला जातो.

आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही मशीनपेक्षा जास्त रिपोर्ट बिघडवते. डबीत बेडका हवा असतो, थुंकी नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला घट्ट बेडका. लाजत, घाईत, दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून दिलेली लाळ तपासली तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार. आशा ताई हे समजावून सांगतात तेव्हा त्या प्रयोगशाळेचंच अर्धं काम करत असतात.

मग ती महागडी मशीन कशाला आहे?

सीबीनॅट आणि ट्रूनॅट या दोन टेस्टनी भारतातलं टीबीचं निदान बदललं, यात शंका नाही. सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिली, ट्रूनॅटला २०२० मध्ये. ट्रूनॅट तर आपल्या शेजारी, गोव्यातल्या मोलबायो कंपनीची आहे. ती बॅटरीवर चालते, त्यामुळे एसी खोली नसलेल्या केंद्रातही ठेवता येते. दोन्ही मशीन जंतूचा डीएनए शोधतात, मायक्रोस्कोपपेक्षा कितीतरी कमी जंतू पकडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही काही तासांत सांगतात.

पण डीएनए हा घराच्या दारावरच्या पाटीसारखा असतो. भाडेकरू निघून गेला तरी पाटी तशीच राहते. जंतू मेल्यावरही त्याचा डीएनए बराच काळ टिकतो आणि मशीनला पाटी दिसते, आत कोण आहे ते दिसत नाही. म्हणूनच उपचार कसा चाललाय हे बघायला या टेस्ट वापरू नयेत, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. काकूंच्या रिपोर्टवरचं ‘आढळले’ हे या पाटीचं वाचन असू शकतं. त्यांना पुन्हा खोकला, ताप, वजन घटणं असं काही होत असेल, तर गोष्ट गंभीर आहे आणि कल्चर करायलाच हवं. काहीच त्रास नसेल, तर नुसत्या या कागदावर नव्याने गोळ्या सुरू करणं चुकीचं ठरेल. त्यांनी रिपोर्ट घेऊन ज्या केंद्रात उपचार झाला तिथेच जायला हवं.

यातला बारीक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. उपचाराच्या मध्यावर डॉक्टर सीबीनॅट सांगतात, ते बहुतेक वेळा जंतू औषधाला दाद देतोय की नाही हे बघायला. ‘बरा झालाय का’ हे विचारायला नाही.

जिवंत जंतूच वाढतो

जंतू जिवंत आहे का, याचा सर्वात सरळ पुरावा म्हणजे तो वाढवून बघणं. यालाच कल्चर म्हणतात. जुन्या एलजे पद्धतीत अंडी आणि मॅलॅकाइट ग्रीन नावाचा हिरवा रंग घालून केलेल्या माध्यमावर नमुना ठेवतात. नव्या एमजीआयटी पद्धतीत द्रव माध्यमाची नळी असते. जंतू वाढताना ऑक्सिजन वापरतात, तो कमी झाला की नळीचा तळ चमकायला लागतो. मिलीलीटरमध्ये १० ते १०० जिवंत जंतू असले तरी कल्चर ते पकडू शकतं. मेलेला जंतू इथे वाढूच शकत नाही, त्यामुळे मायक्रोस्कोप आणि मशीन जिथे फसतात तिथे हे फसत नाही.

अडचण वेळेची. पोट बिघडवणारे ई-कोलाय जंतू अनुकूल वातावरणात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला जवळपास वीस तास लागतात. त्यामुळे एलजेवर निगेटिव्ह म्हणायला आठ आठवडे थांबावं लागतं, द्रव माध्यमात ४२ दिवस. शिवाय बेडक्यातले बाकीचे जंतू मारायला नमुना आधी अल्कलीने धुतात, त्यात थोडे टीबीचे जंतूही मरतात. वाटेत नमुना तापला, उशिरा पोहोचला, तर इतर जंतूंची बुरशीसारखी गर्दी होऊन नळी वाया जाते. मे महिन्यात गोंदियाचं तापमान बघितलं, तर थंड डब्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कल्चरसाठी खास सुरक्षित प्रयोगशाळा लागते. त्या प्रत्येक तालुक्यात नसतात. महाराष्ट्रात या कामाच्या मध्यवर्ती संदर्भ प्रयोगशाळा पुणे आणि नागपूरला आहेत. त्यामुळे साध्या टीबीच्या प्रत्येक रुग्णाचं दर महिन्याला कल्चर होत नाही. ते मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांसाठी राखलेलं आहे. तिथे मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेला चार औषधांचा सहा महिन्यांचा बीपीएएलएम कोर्स घेणाऱ्याचं औषध लागू पडतंय की नाही, हे कल्चरच्या निकालांवरूनच ठरतं.

कल्चरचा भारतातला वारसा मोठा आहे. १९५६ मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच गोळ्या दिल्या. घरी गर्दी, अर्धपोटी जेवण, तरी बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. १९५९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर सॅनेटोरियमचं युग संपायला लागलं. वारंवार केलेल्या बेडक्याच्या तपासण्या आणि कल्चर नसते, तर हा दावा कोणी मानला नसता. आज मुर्रीचा रुग्ण घरी राहून बरा होतो, त्यामागे त्या काचनळ्या आहेत.

दोन महिन्यांच्या निकालावर किती भरवसा?

अनेक दशकं संशोधकांचा असा ठोकताळा होता की दोन महिन्यांत कल्चर निगेटिव्ह झालं तर रुग्ण पुढे बरा राहतो. गटाच्या पातळीवर तो बराचसा खराही आहे. मग एक मोठा धक्का बसला. २०१४ मध्ये ‘रेमॉक्स टीबी’ या १,९३१ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. त्यात सहाऐवजी चार महिन्यांचे, मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेले दोन कोर्स तपासले होते. नव्या कोर्समध्ये जंतू आधी नाहीसे झाले, म्हणजे लॅबच्या दृष्टीने ते सरस होते. पण शेवटी चांगला निकाल मिळालेले रुग्ण जुन्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये ९२ टक्के होते, नव्या दोन कोर्समध्ये ८५ आणि ८० टक्के. बेडका लवकर स्वच्छ झाला, आणि आजार तरीही जास्त जणांत परतला.

कारण फुप्फुसात सगळे जंतू एकाच वेगाने मरत नाहीत. भराभर वाढणारे पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात. सुस्त पडलेले, कोपऱ्यात दडलेले मात्र औषधाला लवकर दाद देत नाहीत आणि बेडक्यातही फारसे येत नाहीत. लॅब तपासते तो बेडका. आजार उलटतो तो बेडक्यात न आलेल्या जंतूंमुळे. (पुढे २०२१ मध्ये रिफापेंटिन घातलेला एक चार महिन्यांचा कोर्स यशस्वी ठरला, म्हणजे कोर्स लहान करणं अशक्य नाही. फक्त ते दोन महिन्यांच्या रिपोर्टवरून ठरवता येत नाही.)

राईस मिलमधल्या भाऊंचा प्रश्न इथे पूर्ण सुटतो. हजारो रुग्णांवर, उत्तम लॅबमध्ये, कल्चर करूनही जे ठरवता आलं नाही, ते एका काचेवरच्या एका निगेटिव्हवरून घरी ठरवायचं नाही.

वजनकाट्याला कमी समजू नका

या सगळ्यात सर्वात स्वस्त उपकरण उपकेंद्राच्या कोपऱ्यात पडलेलं असतं. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो. वजन वाढलं म्हणजे जंतू मेलेच असं नाही, कारण चांगलं जेवण मिळालं तरी वजन वाढतं. पण दोन महिने गोळ्या घेऊनही काटा हलत नसेल, तर कुठेतरी काहीतरी अडलंय. गोळ्या पोटात जात नाहीत, जेवण नाही, साखर वाढलीय किंवा औषध लागू पडत नाही.

नोव्हेंबर २०२४ पासून निक्षय पोषण योजनेची रक्कम महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली, ती याच कारणासाठी. गोळ्यांची संख्याही वजनावर ठरते: ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून वजन दर महिन्याला लिहिलं गेलं पाहिजे, आणि गट बदलला तर डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

लघवीचा केशरी-लाल रंगही काहीतरी सांगतो. तो रिफाम्पिसिनमुळे येतो. गोळी पोटात गेली एवढंच त्यावरून कळतं. अर्थात आधी गोळी मिळाली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये टीबीच्या औषधांचा तुटवडा झाला आणि केंद्राला राज्यांना पत्र पाठवून स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगावं लागलं. अशा खंडानंतर एखाद्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर दोष रुग्णाच्या शिस्तीत शोधण्याआधी त्या महिन्यातल्या औषधसाठ्याचं रजिस्टर बघायला हवं.

यापेक्षा चांगली टेस्ट येतेय का?

येतेय, पण अजून संशोधनाच्या पातळीवर. डीएनए दारावरची पाटी असेल, तर आरएनए हा चुलीचा धूर. चूल विझली की धूर फार वेळ राहत नाही. ‘टीबी-एमबीएलए’ ही टेस्ट जंतूचा आरएनए मोजते आणि किती जंतू जिवंत आहेत याचा अंदाज आठवड्यांऐवजी काही तासांत देते. आफ्रिकेतल्या काही देशांत तिचा अभ्यास झालाय. जंतूच्या भिंतीतला लॅम नावाचा घटक बेडक्यात मोजण्याचीही एक पद्धत आहे. भारताच्या कार्यक्रमात यातलं काहीच अजून रोजच्या वापरात नाही. आलं, तरी ते बेडक्यावरच चालणार, म्हणजे दडलेल्या जंतूंचा प्रश्न उरतोच.

‘यश’ या शब्दात काय काय बसतं?

आता पुन्हा पंचायतीच्या ८५ टक्क्यांकडे. उपचारांचं यश म्हणजे दोन रकान्यांची बेरीज असते. पहिला रकाना, ‘बरा झाला’: सुरुवातीला तपासणीत जंतू सापडले होते आणि कोर्सच्या शेवटी बेडका किंवा कल्चर निगेटिव्ह आलं. दुसरा रकाना, ‘उपचार पूर्ण’: कोर्स संपला, आजार बळावल्याची चिन्हं नाहीत, पण शेवटच्या महिन्यातला निगेटिव्ह रिपोर्ट नोंदीत नाही. तपासणी झाली नसेल किंवा निकाल मिळाला नसेल. दोन्हींची बेरीज म्हणजे ‘यश’. जगभर हीच पद्धत आहे.

दुसरा रकाना म्हणजे लबाडी असं मुळीच नाही. मानेच्या गाठीचा, मणक्याचा टीबी असेल तर बेडका नसतोच. लहान मुलं बेडका काढू शकत नाहीत. आणि सहाव्या महिन्यात ठणठणीत झालेल्या माणसाला खोकलाच येत नाही, तो डबीत काय देणार? पण फुप्फुसाचा टीबी असलेले, सुरुवातीला पॉझिटिव्ह असलेले लोकही ‘उपचार पूर्ण’मध्ये जात असतील, तर त्यातले किती जण खरंच बरे झाले हे पंचायतीला, जिल्ह्याला, कोणालाच कळत नाही. बेरजेत दोघांचं वजन सारखंच. तपासणी न करता यश मिळत असेल आणि तपासणी केल्यावर ते जाण्याची शक्यता असेल, तर शेवटच्या डबीसाठी धावपळ कोण करेल? निकष बनवणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ८५ टक्क्यांसोबत फक्त ‘बरे झालेल्यां’चं वेगळं प्रमाण मागितलं, तर नवीन मशीन लागणार नाही. आहे तीच नोंद दोन ओळींत लिहावी लागेल.

ग्रामसभेत हे विचारायला कोणत्याही पदवीची गरज नाही. नावं विचारायची नाहीत, ती विचारूही नयेत. फक्त आकडे: गेल्या वर्षी कोर्स संपलेले किती, त्यातले ‘बरे झाले’ किती आणि ‘पूर्ण’ किती?

रुग्णासाठी शेवटची तारीखही सहाव्या महिन्याला संपत नाही. कोर्स झाल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायचं असतं, कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा याच काळात उलटतो. पंचायतीचा निकाल वर्षाला लागतो. राईस मिलमधल्या त्या भाऊंची शेवटची तपासणी होईल, तोवर गावाच्या कपाटात दोन पुतळे आलेले असू शकतात.